केनवडचं भरलेलं सिलिंडर

रविवार, २२ मार्च, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. वाशीमच्या आमच्या स्वयंपाकघरात मी सिलिंडर आडवं धरून बसलो होतो आणि उरल्यासुरल्या गॅसवर आईचा चहा कसाबसा उकळत होता. तिकडे आखातात युद्ध पेटलं आणि इकडे आमचा नंबर लावून अठरा दिवस झाले. आईला दमा आहे. चुलीचा धूर लागला की ती अख्खी रात्र बसून काढते.

म्हणून केनवडला मावशीकडे जायचं ठरवलं. मावशी चुलीवरच रांधते. तिचं भरलेलं सिलिंडर दिवाळीपासून कोपऱ्यात झाकून ठेवलंय, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे.

बसमध्ये सिलिंडर नेऊ देत नाहीत, म्हणून शेजारच्या सलीमभाईंची मोटारसायकल घेतली. रिसोडमार्गे गेलो. गतिरोधकांवर पट्टे नाहीत, गाडी सावकाश चालवावी. रिसोडला चहा प्यायलो. गॅसची शेगडी बंद, लाकडाची भट्टी सुरू.

"काय चाचा, पंधराचा चहा? सोनं टाकून राह्यले का?" एकाने विचारलं.

"लाकूड टाकून राह्यलो बाबू. भाव सोन्याचाच हाय."

साडेनऊला केनवड. मावशी दारातच म्हणाली, "मह्यासाठी आला का सिलिंडरासाठी?" मी खाली पाहिलं. "घेऊन जाय रे बाप्पा. माही बहीन हाये ते. पन आखाजीले पाहुणे येतीन, तवा भरून वापस दे." आणि दोरी आणायला गोठ्यात गेली.

सिलिंडर मी नेहमी तोलून घेतो. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्यावर लिहिलेलं असतं, तुम्हीही पाहत जा. यावर पंधरा किलो दोनशे लिहिलं होतं. सोबत आणलेल्या माझ्या ताणकाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याचा, काटाही तिथेच थांबला. मी परत तोललं. तेवढंच.

मागे रेखावहिनी उभी होती, मावशीची सून. नवरा पुण्याला कंपनीत. कडेवर सहा महिन्यांचं बाळ.

"भाऊजी, तुमच्या मावशीले सांगू नका," ती हळूच म्हणाली. "धुरानं हा खोकून खोकून निळा पडे. त्या वावरात गेल्या की मी गॅसवर रांधत होती."

आईची छाती वाजते तो आवाज आठवला. नको म्हणालो तर मावशी कारण विचारेल, स्वतः उचलून पाहील.

मावशी दोरी घेऊन आली. "झेपन का रे? गच्च भरेल हाये."

"झेपेल," म्हणालो आणि कमरेत वाकून, दम टाकत ते उचललं.

"लय कुथून राह्यला! मायच्या हातचं खाऊन हेच केलं का?"

वहिनीने वाळलेल्या तुराट्यांचा भारा बांधून दिला. "बारीक मोडून घाला, धूर कमी होते."

रिकामं सिलिंडर खड्ड्यात वाजतं. गाव संपेपर्यंत मी एक हात मागे दाबून गाडी चालवली.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाळ आता बरं हाये ना?"

संध्याकाळी अंगणात तीन विटा मांडून मी स्वयंपाक केला. आई वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब बसली होती. दोन भाकरी करपल्या. रात्री ती आडवी झोपली.

खर्च: पेट्रोल अडीचशे, चहा पंधरा.
देणं: मावशीला एक भरलेलं सिलिंडर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत.