व्हय म्हाराजा

तर्कशास्त्राची पुस्तकं कुठल्या क्रमाने शिकवावीत, हा प्रश्न घेऊन आमच्या वाडीतलं कोणी माझ्याकडे येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ओरोसच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक येतात ते सातबाऱ्यातलं नाव दुरुस्त करायला, नाहीतर मोजणीवरून शेजाऱ्याला शिव्या घालायला. संचिता आली ती तीन जाडजूड पुस्तकं पोटाशी धरून. पडवीत बसली आणि म्हणाली, “गुरूकाका, ह्यातला आधी खंयचा शिकवू?”

संचिता म्हणजे माझा चुलतभाऊ बाबू याची सून. मंगेशची बायको. काजूच्या हंगामात डोक्याला फडकं बांधून बागेत, एरवी घरात, आणि गेल्या दिवाळीपासून मास्तरीण. विद्यार्थी एकच, तिची मुलगी रुणाली. सातवीच्या वयाची. तिला शाळेतून काढून घरी शिकवायचं संचिताने ठरवलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं होतं की हे शहरातल्या रिकामटेकड्यांचे चाळे आहेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला हवं ते केलं नाही. ही तिची जुनी पद्धत. सावंतवाडीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला आर्ट्सला असताना तिला तर्कशास्त्र होतं आणि त्यात ती वर्गात पहिली आलेली. लग्नानंतर ते ज्ञान कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

शाळेतून काढण्याचं कारण वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप फुटला. खोलीतून सगळ्यात शेवटी रुणाली बाहेर पडलेली. बाईंनी विचारलं, “तू शेवटी होतीस ना? मग तूच फोडलास ना?” पोर म्हणाली, “होय बाई.” दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे उभं करून सगळ्यांची माफी मागायला लावली. तिने ती मागितली. घरीही तेच सांगितलं. बाबू म्हणाला, चूक झाली, कबूल केलीन, प्रकरण मिटलं.

पण ते मिटलं नव्हतं. काही दिवसांनी बागेत काजूखालचं गवत बेणताना पोर आईला हळूच म्हणाली, “आये, मी फोडूक नाय. मी त्येका हातसुद्धा लावूक नाय.”

“मगे व्हय कित्याक म्हटलंस?”

“बाईंनी इचारल्यानी ना.”

मोठ्या माणसाने विचारलं की व्हय म्हणायचं, हे त्या पोरीला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते तिने दुधाबरोबर घेतलं होतं. आमच्या मालवणी मुलखात देवाला गाऱ्हाणं घालताना एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. पुढचा काय बोलला ते मागच्याला ऐकू आलं नाही तरी चालतं. सूर खाली पडला की आपण व्हय म्हणायचं. रुणाली चालायला लागल्यापासून आजोबांच्या धोतराला धरून ते म्हणत आली होती.

संचिता शाळेत जाऊन आली. “आता कशाला उकरता, तिने स्वतःच कबूल केलंय,” असं उत्तर मिळालं. त्याच दिवाळीच्या सुट्टीत तिने पोरीला घरी ठेवलं. बाबू भडकला. “चेडवाक घरात ठेवन काय लोणचा घालतलंस?” मग मंगेश मध्ये पडला आणि तह झाला. मिरगापर्यंत घरी, जूनमध्ये परत शाळा. म्हणजे संचिताच्या हातात एक हिवाळा आणि एक उन्हाळा होता. तेवढ्या मुदतीनंतर जी पोर शाळेत परत जाईल, तिने न केलेल्या गोष्टीला व्हय म्हणता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. गणित-विज्ञान होईल तसं होईल.

तर ती तीन पुस्तकं. एक कोड्यांचं. एक चुकीचे युक्तिवाद ओळखायचं. आणि तिसरं खरं तर्कशास्त्र, ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ आणि त्यावरून निष्कर्ष. मी चष्मा लावून तिन्ही चाळली, काही कळलं नाही, आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. आधी पाया, मग भिंती, मग कौलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस दुसरं काय सांगणार! संचितालाही तेच हवं होतं, कारण कॉलेजात ती तेच शिकली होती.

पोर हुशार. महिनाभरात सगळे मनुष्य मर्त्य करून मोकळी झाली. वर्तुळात वर्तुळं काढून माझ्याच दारात मला दाखवायची. संचिता खूश होती, मीही माझ्या सल्ल्यावर खूश होतो. मग एका दुपारी, मी त्यांच्याकडे ताक प्यायला बसलेलो असताना, संचिताने तिला एक उदाहरण घातलं. मुद्दाम घातलं. ‘जे जे खोलीतून शेवटी बाहेर पडतात ते सगळे वस्तू फोडतात. रुणाली खोलीतून शेवटी बाहेर पडली. म्हणून?’ पोर पहिल्याच वाक्याला अडेल, असलं कुठे असतं काय असं म्हणेल, अशी तिची अपेक्षा.

रुणालीने दोन वर्तुळं काढली, आतल्या वर्तुळात एक ठिपका दिला आणि म्हणाली, “म्हणान रुणालीन वस्तू फोडली. बरोबर ना आये?”

उत्तर बरोबर होतं. त्या पुस्तकाच्या हिशेबाने अगदी पैकीच्या पैकी. संचिताचा चेहरा असा झाला की मी ताकाचा पेला तसाच खाली ठेवला. इतके दिवस पोर नुसतं व्हय म्हणत होती, आता आकृती काढून व्हय म्हणायला लागली होती. आईनेच तिला ते शिकवलं होतं. संचिता रडतच उठून मागच्या परड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून क्रम उलटा. वर्तुळं माळ्यावर, चुकीच्या युक्तिवादांचं पुस्तक खाली. त्यातली उदाहरणं होती बर्फाची आणि बेसबॉलची. तीही संचिताने बाजूला ठेवली. तिने पोरीला सांगितलं, दिवसभर लोक काय बोलतात ते ऐक आणि संध्याकाळी मला सांग, ह्यातलं पहिलं वाक्य तरी खरं आहे काय. मालवणी माणसाच्या गजाली हा असा माल आहे की तो कधी संपायचा नाही. कुणी म्हणे, अमक्याने नवीन गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात त्याची म्हैस आटली. पोर म्हणे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. कुणी म्हणे, त्याचं बोलणं काय ऐकता, त्याचा आजा दारू प्यायचा. पोर म्हणे, आजा प्यायचा म्हणून नातवाचं बोलणं खोटं कसं? रुणालीला यात गोडी लागली. माझ्या लक्षात आलं ते असं की मी तिच्यासमोर जरा जपून बोलायला लागलो.

पण हे सगळं आईच्या कानात. माणसाच्या तोंडावर एक शब्द नाही. मोठं माणूस समोर आलं की मान खाली आणि व्हय. म्हणून संचिताने तिसरी पायरी बांधली, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. रोज एका माणसाला, त्याच्या तोंडावर, कारण देऊन ‘नाय’ म्हणायचं. उद्धटपणा करायचा नाही, उगाच म्हणायचं नाही. आधी आईला, मग बापाला. मंगेश बिचारा आठवडाभर नाय ऐकून घेत होता आणि वर शाबासकीही देत होता. त्यानंतर माझी पाळी.

मी सहज म्हटलं होतं, “आमी शाळेत गेलो म्हणान शाणे झालो.”

रुणालीचे कान लाल झाले. खांबाला धरून म्हणाली, “नाय, गुरूआजोबा. तुमच्यावांगडा शाळेत गेले ते सगळे शाणे झाले काय?”

माझ्यासमोर माझा अख्खा वर्ग उभा राहिला. त्यातल्या एकाने भावाशी भांडून घराच्या मधोमध भिंत घातली आणि त्याची स्वतःची न्हाणी भावाच्या बाजूला गेली. मी हसलो आणि तिला जिंकलीस म्हटलं. राग आला नाही असं नाही. पण संचिता आत चुलीपुढे उभी राहून ऐकत होती, आणि तिच्यासाठी मी तो गिळला.

राहिला बाबू. त्याच्यापुढे पोरीची जीभ उचलेना. “आजोक नको गो आये,” म्हणायची. मे महिना सरत आला. दप्तर आणलं, गणवेश आणला. संचिता एकदा मला म्हणाली, “काका, माझो कायच उपेग झालो नाय. शाळेतली बाई ही घरातल्या आजोसारखीच. ह्येका नाय म्हणूक जमला नाय, तर थंय काय जमतला?” खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

पेरणीआधी आमच्यात राखण देतात. जागेच्या राखणदाराला नारळ आणि कोंबडा, परड्याच्या कडेला आंब्याखाली. आमच्याकडे बायकापोरंही उभी असतात. बाबू नारळ हातात घेऊन पुढे, मंगेश कोंबडा काखेत धरून त्याच्या शेजारी, बाकी आम्ही मागे. बाबूने सुरुवात केली. त्याचा आवाज चांगला आहे, साठीनंतरही तसाच राहिलाय.

“बा देवा म्हाराजा, तू ह्या जाग्याचो राखणदार, वरसाचो मान दिलो तो गोड करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“भात बरा पिकांदे, ढोरागुरा सुखी ऱ्हवांदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमच्या ह्या चेडवाच्या हातसून शाळेत जी काय चूक झाली ती पोटात घाल, आणि येत्या मिरगाक तिका बरी बुद्धी देवन शाळेत जावंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो. मी म्हणालो, मंगेश म्हणाला. संचितासुद्धा म्हणाली. शब्द तोंडातून निघाल्यावर तिने झटकन ओठांवर हात ठेवला, पण तोवर तो देवाकडे गेला होता.

आणि मागून, जरा उशिरा, बारीक आवाज आला. “नाय म्हाराजा.”

बाबू वळला. “काय म्हटलंस गो?”

रुणालीची मान वर होती. “माझ्या हातसून चूक झाली नाय, आजो. मी शेवटी भायर इलंय, इतक्याच खरा. माझ्या मागसून आत कोण गेला तां कोणी बघूक नाय. मी फोडूक नाय.”

“मगे तेवा व्हय कित्याक म्हटलंस?”

“आता तुमी सगळ्यांनी म्हटलास तसाच.”

मंगेशच्या काखेतला कोंबडा फडफडला. बाबू रागीट माणूस आहे, आणि देवापुढे त्याला आजवर कोणी अडवलं नव्हतं. मी मनातल्या मनात पोरीला घरात ओढून न्यायची तयारी केली होती. बाबू नारळाकडे बघत राहिला. मग पुन्हा आंब्याकडे तोंड केलं.

“म्हाराजा, मागचा म्हणणा मागे घेतंय. चूक चेडवाची न्हय. आमची. तिका कोणी धड इचारूक नाय आणि आमी सगळे व्हय म्हटलो. ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!”

सूर खाली पडला, पण आमच्यातलं कोणीही लगेच व्हय म्हणेना. जन्मात पहिल्यांदाच आम्ही गाऱ्हाण्यातलं वाक्य नीट ऐकलं होतं, आणि प्रत्येकजण ते खरं आहे काय ते आधी बघत होता.

“व्हय म्हाराजा!” रुणाली खणखणीत म्हणाली.

मग आम्ही म्हणालो. संचिताला मात्र म्हणता आलं नाही, तिने पोरीचा हात घट्ट धरला होता आणि ती पदराने डोळे पुसत होती. बाबूने नारळ फोडला आणि पहिलं शकल नातीच्या हातावर ठेवली.