झेंडूचा हार घातलेली जाळी

सक्करदऱ्याच्या बाजारात झेंडूचा वास आला की अजूनही माझं टाळकं सरकतं.

कामठीत मी यंत्रमागावर होतो. मागाच्या फिरत्या पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून असलेली लोखंडी जाळी शेठ खंडेनवमीला गोदामातून काढायला लावायचा, घासूनपुसून बसवायचा आणि तिला झेंडूचा हार घालायचा. एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माग सुरू करताना तो मला म्हणाला, "चल, काढ जाळी."

"शेठ, राहू द्या ना. काहून काढता?"

"निसटलेला पट्टा चढवाले टाइम लागते गा. देवीनं पाहिली ना, बस झालं!"

सगळे हसले. मीही निर्लज्जासारखा हसलो आणि माझ्याच हातांनी जाळी उतरवली. त्याच दुपारी त्या पट्ट्यानं शेजारच्या मागावरच्या गंगाधरची दोन बोटं नेली.

वर्षात खंडेनवमी आणि दसरा, दोनच दिवस जाळी लागायची. ते दोन्ही दिवस माग बंद असायचे.