रुजार सर आणि निळी टाकी

गाडी थांबवली तेव्हा मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "पोहोचलो का?"

प्रश्न सरळ होता. 'हो' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. समोर वाळू, मागे वाळू, उजवीकडे जरा उंच वाळू. पर्यटकांना जे बघायचं असतं ते सगळं हजर होतं. "हा आमचा फोटो पॉइंट, उतरा," एवढं बोललो असतो तर काकूंनी खुशीने फोटो काढले असते. पण आपण कुठे आहोत हे मला माहीत नव्हतं.

मी ओमानमध्ये डेझर्ट सफारीची गाडी चालवतो. काम थोडक्यात सांगतो. पर्यटकांना डांबरी रस्त्यावरून वाळवंटात न्यायचं, वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वरखाली करायची, ते ओरडले की आपण हसायचं. वाळूत शिरण्याआधी चारही टायरांतली हवा कमी करतात. टायर बसका झाला की वाळूवर पसरतो, रुतत नाही. गाड्या एकट्या जात नाहीत, रांगेने जातात. त्याला कॉन्व्हॉय म्हणतात. पुढची लीड गाडी, तिच्यात वाट जाणणारा माणूस. सगळ्यांत मागची टेल गाडी, तिच्यात नवा माणूस. नवा माणूस म्हणजे मी.

नवा म्हणजे गाडीवर नवा. त्याआधी कितीतरी दिवस मी याच कंपनीत याच गाड्या धूत होतो. वाळवंटातून आलेल्या गाडीच्या पोटातून किती वाळू निघते हे मला विचारा. शाजी हा आमचा केरळचा सुपरवायझर, तोच लीड चालवतो. स्टिअरिंग हातात देताना तो म्हणाला होता, "एक गलती, और वापस पाइप पकड़ेगा. समझा?" मी समजलो होतो. मी घाबरट माणूस आहे, मला असली वाक्यं लगेच समजतात.

त्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला आणि धूळ उठली. शाजीची गाडी एका टेकडीपलीकडे उतरली, मधल्या दोन तिच्यामागे गेल्या. मी वर पोहोचलो तर खाली नुसता पिवळा धुरळा. आमच्या गाड्यांना उंच काठीवर नारिंगी झेंडा असतो. जरा लांब मला पांढरी गाडी आणि नारिंगी फडकं दिसलं. जीव भांड्यात पडला. बराच वेळ मी त्या फडक्यामागे इमानदारीने गेलो. जवळ पोहोचलो तर ती एका गावकऱ्याची गाडी. मागे उंटांसाठी चाऱ्याचे गठ्ठे, आणि गठ्ठे उठून दिसावेत म्हणून वर बांधलेलं नारिंगी फडकं. तो माणूस मला बघून हसला, हात हलवला आणि भरधाव निघून गेला. त्याला वाटलं असेल, पर्यटक टाटा करतायत.

वॉकीटॉकीत नुसती खरखर. मध्ये टेकड्या आल्या की तो बोलत नाही. फोनवरच्या नकाशात मी निळा ठिपका होतो आणि माझ्याभोवती कोरा कागद. आमची चाकोरी वारा मागच्या मागे पुसत होता.

आणि काकू विचारत होत्या, पोहोचलो का.

इथे मला रुजार सर आठवले.

सर आम्हाला कोकणात मिठबावजवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे मालवणचे, पण बदली होऊन आमच्याकडे आले आणि तिथलेच झाले. वर्गात अगदी पुस्तकी मराठी. "मुलांनो, आज आपण नदीची रूपे पाहणार आहोत." मग खिडकीबाहेर बघायचे, खडू ठेवायचे आणि आम्हाला घेऊन थेट ओढ्यावर, आमच्या वहाळावर, जायचे. शाळेचं फाटक ओलांडलं की भाषा बदलायची. "चला रे, पायांत व्हाणा घाला, काटे आसत."

सरांना रानाचं वेड होतं. झाडं, पक्षी, कातळावरची फुलं, खाडीतले खेकडे, सगळ्यांची नावं त्यांना पाठ. एकच गोष्ट त्यांना येत नव्हती. वाट. भूगोलाचा हा माणूस दर सहलीला चुकायचा. फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा न बघता काढायचा, आणि आमच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाली उतरायची पायवाट त्याला सापडायची नाही.

पण त्यांची चुकायची एक पद्धत होती. एखाद्या काजूखाली थांबायचे, टोपी काढायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "पोरांनो, मी वाट चुकलंय. बसा. डबे काढा."

सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत कुणी उठायचं नाही. सर आमच्या डब्यांतून घावणे आणि सुक्या बांगड्याचे तुकडे गोळा करायचे. ही त्यांची फी होती म्हणायची. मग एकेकाला विचारायचे, "शेवटचा वळखीचा काय बघलंस?"

कुणी म्हणायचं, वडाची पारंबी. कुणी म्हणायचं, तांबडी गाय. एकदा एकीने सांगितलं, "सर, तुम्ही घसरून पडलात ती जागा." सर म्हणाले, "बरी खूण सांगितलंस गो." आणि खरंच त्या खुणेवरून आम्ही परत आलो. पुढे जाऊन बघूया असं कुणी म्हटलं की सर मान हलवायचे. "पुढचा माका म्हायत नाय, तुमका म्हायत नाय. मागचा तरी कोणाक तरी म्हायत आसा. मागे जावया."

नववीनंतर मी शाळा सोडली. घरची अडचण होती, गोव्यात एका हॉटेलात भांडी धुवायचं काम मिळालं होतं. सर माझं मन वळवायला घरी यायला निघाले आणि अर्थातच दुसऱ्या वाडीत पोहोचले. आमच्या अंगणात आले तेव्हा मी बसमध्ये होतो. सर वेळेवर आले असते तर माझी दहावी झाली असती असं आई अजून म्हणते. तिने त्यांना माशाची कढी आणि भात वाढला. ती रडत होती, पोर एवढ्या लांब गेलं म्हणून. सर जेवता जेवता म्हणाले, "रडा नको वयनी. तो हरवलो तर बसान जेवतलो. तितक्या माझ्याकडसून शिकलो आसा."

तर मी इंजिन बंद केलं, मागे वळलो आणि म्हणालो, "काकू, मी वाट चुकलोय."

पुण्याचं कुटुंब होतं. पुढे माझ्या शेजारी काका, मागे काकू आणि त्यांची नात तन्वी. ती कॉलेजात होती.

काका म्हणाले, "चुकलोय म्हणजे? साधारण चुकलोय की पूर्ण?"

"पूर्ण."

"अहो, हे तुम्ही आम्हाला सांगताय?"

"दुसरं कोणी नाहीये काका."

तन्वी फिस्सकन हसली. काकू मात्र घाबरल्या होत्या. मी वॉकीटॉकी घेऊन शेजारच्या टेकडीवर चढलो. वरूनही खरखरच आली. खाली येऊन विचारलं, "काकू, खायला काही आहे का?"

पुण्याच्या काकूंना हा प्रश्न म्हणजे अपमान होता. पिशवीतून चकली निघाली, गुळपोळी निघाली, डिंकाचे लाडू निघाले. काका म्हणाले, "ही काय खायची वेळ आहे?" आणि दोन लाडू खाल्ले. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत मी चावी लावली नाही. खाताना माणूस घाबरलेला राहू शकत नाही. एक तर चावायचं, नाहीतर घाबरायचं.

मग मी विचारलं, "आता एकेकाने सांगा. शेवटचं ओळखीचं काय बघितलंत?"

काका म्हणाले, "मी काय बघणार? ऊन सगळं माझ्या गालावर. उजवा गाल भाजला नुसता. तुम्हाला तीनदा सांगितलं, पडदा लावा."

सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं. गाडी चुकीच्या वाटेला लागल्यापासून ऊन काकांच्या गालावर होतं. ओमानमध्ये ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे परत जाताना ते माझ्या गालावर पाहिजे.

काकू म्हणाल्या, "उंटांचा वास आला ना, त्याच्या आधी ती निळी टाकी होती. मी म्हटलं इथे वॉशरूम असेल. तुम्ही म्हणालात, पुढे आहे."

तन्वीने फोन पुढे केला. फोटोत एकटं झाड, त्याखाली बकऱ्या आणि मागे निळी पाण्याची टाकी. त्या टाकीपाशीच शाजीने सगळ्या गाड्या थांबवून शेवटचं मोजलं होतं. एखादी गाडी सुटली तर बाकीच्यांनी शेवटच्या मोजणीच्या जागी वाट बघायची, असा आमचा नियम आहे.

दिवसभर या तिघांनी ज्या ज्या तक्रारी केल्या होत्या, त्यांचा मिळून रस्ता झाला. ऊन माझ्या डाव्या गालावर धरून मी हळू निघालो. काकू खिडकी उघडून वास घेत होत्या. "आला! आला उंटांचा वास!" एवढ्या आनंदाने तो वास कुणी घेतला नसेल. मग झाड दिसलं, आणि वॉकीटॉकीतून शाजी मल्याळममध्ये मला शिव्या घालताना ऐकू आला. जगातलं सगळ्यात गोड मल्याळम.

टाकीपाशी तो धावतच आला. "किधर था तू? कस्टमर को क्या बोला?"

"सच बोला. रास्ता भूल गया."

"पागल है क्या? ऐसा कोई कस्टमर को बोलता है?"

काका गाडीतून उतरले, गाल चोळत. शाजीला म्हणाले, "देखो, तुम्हारा आदमी चुक्या. पण सांगके चुक्या." शाजीला काही कळलं नाही, पण सूर कळला असावा. तो वळून गाड्या मोजायला लागला.

तरी पाइप हातात आलाच. मी पुन्हा गाड्या धुतल्या. स्टिअरिंग परत मिळालं ते महिना बदलल्यावर, आणि टेल गाडीऐवजी मधली. आता शाजी वाळूत शिरल्यावर अधूनमधून प्रत्येक ड्रायव्हरला वॉकीटॉकीवर विचारतो, "लास्ट क्या देखा, बोलो." हा शोध आपणच लावला असं तो नव्या पोरांना सांगतो. मी हरकत घेत नाही. वरिष्ठ आहे.

सरांना मात्र फोन केला. आता ते निवृत्त होऊन पुन्हा मालवणात राहतात. सगळी हकिगत त्यांनी मन लावून ऐकली. लाडू कसले होते तेही विचारलं. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट बोललो. "सर, तुम्ही मुद्दाम चुकत होतात ना? आम्हाला शिकवायला?"

मला वाटलं, आता सर कबूल करणार.

"मुद्दाम?" सर म्हणाले. "रे, मी मुद्दाम कशाक चुकतलंय? माका खरीच वाट गावत नाय. काल मासळी घेवन येताना भलत्याच गल्लीत गेलंय. एका चेडवाक इचारलंय, तेव्हा घर गावला."

"मग त्या मुलीला काय सांगितलंत?"

"काय सांगतलंय? वाट चुकलंय म्हटलंय. तिच्या आयेन चाय दिल्यान."

तेव्हापासून मी गाडीत पाण्याच्या कॅनशेजारी खाऊचा एक डबा जास्तीचा ठेवतो. कंपनीच्या नियमात तो बसत नाही. सरांच्या नियमात बसतो.