देवाच्या हवाली केलेले गाव

बी. ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच होतो. कोल्हापूरच्या महाराजांच्या कृपेने तिथल्या बोर्डिंगात राहिलो, जेवलो, शिकलो. पण पेढे वाटताना मन ठिकाणावर नव्हते. आईमागे जिने मला वाढवले ती थोरली अक्का चंदगडच्याही पलीकडे, फिरंग्यांच्या गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात दिली होती. सात वर्षांत मी तिच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. प्रत्येक पत्रात "परीक्षा झाली की येतो" एवढेच लिहीत आलो आणि शेवटच्या तीन पत्रांना उत्तर आले नव्हते. देवाचे म्हणाल, तर कॉलेजात गेल्यापासून देवळात जाणे सुटले होते. भांडण नव्हते, गरज वाटत नव्हती, इतकेच.

पौषातले दिवस होते. आजऱ्यापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे दोन दिवस पायी चाललो. भर दुपारी गावात शिरलो. खाली ओढा, ओढ्यापलीकडे फिरंग्यांचा मुलूख, अलीकडे वीस-पंचवीस घरे. हे गाव शांत आहे असे ऐकून होतो, पण ही शांतता मला सोसेना. एक कुत्रे भुंकले नाही. गोठ्यांत दावी मोकळी पडलेली, चुलींचा धूर नाही, आणि प्रत्येक दाराच्या कडीत काटेरी फांदी खोचलेली. लहानपणी प्लेगात आमचे गाव असेच ओस पडलेले मी पाहिले होते. आई त्याच साथीत गेली. पत्रांची उत्तरे का आली नाहीत ते आता कळले असे मला वाटले. अक्काचे घर यातले कोणते, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

शिवेलगतचे रवळनाथाचे देऊळ तेवढे उघडे होते. आत जाऊन मी देवापुढे बसलो. एकही स्तोत्र आठवेना. "ती असू दे, बाकी मला काही नको," एवढेच म्हणत किती वेळ रडलो कोण जाणे.

तेवढ्यात लांबून हाक आली. "ओ पावणं, आत कशाला गेलासा? भाईर या आधी."

शिवेच्या दगडापाशी एक म्हातारा कल्हईवाला बैल धरून उभा होता. दगडाच्या आत तो पाऊल टाकेना. मी धावत गेलो आणि प्लेगचे विचारले.

"कसला पिलेग? तीन दिस गाव देवाला दिलाय. माणूस, जनावर, कोंबडं, समदं वड्यापल्याड खोपटी घालून ऱ्हायलंय. दाराचं काटं दिसलं न्हाईत व्हय?"

मी दाजींचे नाव सांगितले, अक्काचे विचारले.

"ती? काल अर्धा दिस माझ्याशी भांडली की, पातेल्याला कल्हई पातळ लावली म्हणून. मेलेली माणसं येवढी भांडत न्हाईत."

मी तिथेच खाली बसलो. त्याने मला पाणी दिले. वाटेत म्हणाला, "मी नाक्याच्या सडकेनं जाणार हुतो, चाचा. ह्यो बैल अडून ह्या वाटंला वळला. म्हटलं, चल तुझ्या मनानं." माझ्याएवढ्या पोराला तो लाडाने चाचा म्हणत होता. हद्दीवरच्या शिपायाने आम्हांला अडवले नाही. त्यालाही हे तीन दिवस ठाऊक होते.

पलीकडे जत्रा भरल्यासारखे दिसत होते. पण मी देवाच्या दिवसांत शिवेच्या आत गेलो हे कळताच बाया हातातले काम टाकून माझ्याकडे बघू लागल्या. गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने विचारले, "आत काय केलंस?"

"देवळात रडत बसलो होतो."

"चूल पेटवली न्हाईस न्हवं? मग असू दे. देवाकडंच गेलतास."

अक्का भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "बी. ए. झालास म्हणं. दाराचं काटं कळलं न्हाईत. काय शिकीवलं रं तुला कोल्हापुरात?" मग तव्यावरची भाकरी करपली, तरी ती तिथेच बसून राहिली. पत्रे वाचून दाखवणारा मास्तर बदलून गेला होता, एवढेच झाले होते. "रागावलीस?" मी विचारले. "रागावलेवते की," ती म्हणाली. "ताट घे."

तिसऱ्या दिवशी मानकरी देवळात कौल घ्यायला गेले. देवाला ओली पाने चिकटवतात. उजवे पान पडले की गावात परतायचे. डावे पडले. अजून एक दिवस बाहेर. मला कोल्हापुरात नोकरीवर हजर व्हायचे होते, दिवस मोजलेले होते. पण कोणी कुरकुर केली नाही. बायांनी पुन्हा चुली मांडल्या, पुरुष वाळूत गप्पा मारत बसले. भरलेल्या कणगी, कपडालत्ता, सगळे मागे टाकून ही माणसे निर्धास्त झोपत होती. मीही राहिलो. त्या जादा मिळालेल्या दिवशी अक्काने मला आईबद्दल सांगितले; आजवर ती त्याविषयी कधी बोलली नव्हती.

एक दिवस उशिरा हजर झालो. साहेबांनी कारण विचारले, तेव्हा "देवाने ठेवून घेतले" असे खरे तेच सांगितले.

बैल का वळला, पान डावे का पडले, याचा उलगडा मी करीत नाही. मी ज्याला ओस पडलेले समजलो ते गाव देवाने सांभाळायला घेतलेले होते. आपण थोडे बाजूला होऊन त्याला जागा करून द्यावी, एवढे मी तिथे शिकलो, आणि त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.