न गळलेली नाळ

पालघरच्या पूर्वेला डोंगरातल्या एका पाड्यावर बायडी सुईण होती. तिच्या हातून जन्मलेली पोरं आता स्वतः बाप झाली होती. पण देवू आणि मंगळीच्या घरात तिच्या हाताला यश आलं नाही. पहिल्या पोराची नाळ महिना होत आला तरी गळेना. बेंबी लालभडक सुजली, पण पुवाचा टिपूस नाही. पोर तापानं फणफणलं आणि दगावलं. दुसऱ्या खेपेला बायडीनं नाळ कापायचं पातं उकळून घेतलं, नाळ नव्या दोऱ्यानं बांधली. तेही तसंच गेलं.

देवूच्या आईनं, येसूबाईनं, भगत बसवला. भगतानं सुपात तांदूळ फिरवले आणि बायडीचं नाव घेतलं.

"भुताळी हाय ही! नाळंतनं जीव खाते!" येसूबाईनं अंगणातच तिच्या झिंज्या धरल्या आणि चिंचेच्या फोकानं पाठ फोडली. अख्खा पाडा बघत उभा राहिला. एकानंही येसूबाईचा हात धरला नाही.

ते एकोणऐंशी साल. अंगावरच्या लुगड्यानिशी बायडी डोंगर उतरली. बोईसरला कारखान्यांमागं भाड्याची खोली मिळाली, स्टेशनाजवळच्या छोट्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. मागाहून कानावर आलं, मंगळीला पोरगी झाली आणि ती धडधाकट आहे. पाड्यावर सगळे म्हणत होते, भुताळी गेली म्हणून जगली. ते ऐकून बायडीला जेवण गेलं नाही. शेजारच्या बिहारी बाया समजावत, "छोड दो मौसी." ती नुसती त्यांच्याकडं पाठ करी आणि पदर सारून वण दाखवी. लादी पुसताना, बाळंतिणींची धुणी पिळताना तिच्या मनात एकच घोळत असे. येसूबाईला त्याच अंगणात उभी करायची.

आणि अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात येसूबाई आपल्या पायांनी दवाखान्याची पायरी चढली. मागं देवू, आणि मंगळीच्या पदराखाली तान्हं पोर.

"ही हितं? हिची सावली नको पोरावर!"

"मग दुसरीकडे न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण दुसरीकडं न्यायला वेळ नव्हता.

बायडीनं फडकं उलगडलं. तीच बेंबी, तीच लाली, पू नाही. तिला आनंद झाला. त्याची लाजही वाटली नाही. या खेपेला ती डोंगरावर नव्हतीच! तिनं डॉक्टरीणबाईंना आधीच्या दोन्ही पोरांचं सगळं सांगितलं आणि रात्रंदिवस त्या बाळाच्या उशाशी बसून राहिली. पोर जगायला हवं होतं, निदान खरं काय ते बाहेर पडेपर्यंत.

बाळाचं रक्त तपासायला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलं. उत्तर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवलं.

"अंगात जंतू शिरला की रक्तातली काही द्रव्यं त्याला चिकटतात, डाग लावावा तशी. पांढऱ्या पेशींना तो डाग पकडायला हात असतात म्हणा. या बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी ढीगभर आहेत, पण त्यांना ते हातच नाहीत. जंतू धरता येत नाही, आणि रक्तवाहिनीची भिंत धरून जखमेपर्यंत जाताही येत नाही. म्हणून पू होत नाही. नाळही त्यामुळंच गळत नाही."

"कोणी केलं ह्ये?" येसूबाईनं विचारलं.

"कोणी नाही. जन्मजात आहे. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच होतं. लग्न नात्यात झालंय का?"

"मामाचीच पोर केली मी," देवू म्हणाला.

येसूबाई मंगळीवर उलटली. "म्हंजे हिच्यातच खोट! आजच माहेरी धाडते हिला."

बायडीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "हिचं माहेर कोणाचं गं, येसे? हिचा बाप तुझा सख्खा भाव. देवूत आलं ते तुझ्यातनंच आलं."

डॉक्टरीणबाईंनी ते खोडलं नाही. औषधं चालू राहतील, पण ताप आला की लगेच आणावं लागेल, म्हणून बाळाला जवळपासच ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या.

"माझी खोली हाय," बायडी म्हणाली. "मंगळी नि पोर राहतील. पण आदी येशी माझ्यासंगं पाड्यावर येल."

"पोर मरतंय नि तू सौदा करतेस?" देवू भडकला.

"करते."

दुसऱ्याच दिवशी येसूबाई त्याच अंगणात उभी राहिली. पाडा गोळा झाला. ती मान खाली घालून पुटपुटली, "बायडीनं काय केलं नाय. खोट आमच्याच रक्तात हाय."

"मोठ्यानं," बायडी म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाय आलं."

येसूबाईनं पुन्हा सांगितलं, रडत. मग पाय धरायला वाकली. बायडीनं पाय मागं घेतले आणि उतरणीला लागली.

मंगळी तिच्या खोलीत राहिली. पोर उभं राहायला लागलं, बायडीला 'बाय' म्हणायला लागलं आणि पुढच्या पावसाळ्यात हिरड्या सुजून, ताप चढून गेलं. बायडीनंच त्याला न्हाऊ घातलं, आपल्या लुगड्यात गुंडाळलं. न्यायला माणसं आली होती. दारात येसूबाईनं हात पुढं केले. बायडीनं ते पाहिले, आणि पोर देवूच्या हाती दिलं.