खुर्चीच्या पाठीवरच्या गाठी

स्वयंपाकघरातल्या एका खुर्चीच्या पाठीला काळ्या दोऱ्यांच्या गाठी लटकत असत. टेकून बसलं की टोचायच्या, पण आईने त्यांना कधी कात्री लावली नाही. लेक सर्जन होती. ऑपरेशनमधल्या गाठी बोटं विसरू नयेत म्हणून ती रोज जेवण झालं की तिथे बसून एका हाताने दोरा बांधायची. चाळिशी आली तरी घरात ती छकुलीच.

बाळंतपणाच्या रजेवरून ती परत गेली, तर तिचे ऑपरेशनचे ठरलेले वार एका नव्या डॉक्टरला देऊन टाकलेले. तिला नुसतं पेशंट तपासायला बसवलं. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, आता बाळाकडे बघा. हे तासन्‌तास उभं राहायचं काम, तुम्हाला झेपायचं नाही." त्या नव्या डॉक्टरलाही नुकताच मुलगा झाला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. लेकीने हॉस्पिटलवर भेदभावाचा खटला भरला.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला गं?" आई म्हणाली.

"पाण्याबाहेर तर त्यांनीच काढलंय मला."

जावई भांडी विसळत होता. "आई, तिच्याशी वाद घालू नका. लग्न झाल्यापासून मी एकही केस जिंकलेलो नाही." तिघंही हसली. तेव्हा अजून हसू यायचं.

मग तारखा पडू लागल्या. कधी हॉस्पिटलचा वकील आजारी, कधी कागद अपुरे. इतर हॉस्पिटलांनी दारं लावून घेतली. भांडकुदळ डॉक्टर हवी कुणाला? नातू चालायला लागला, बोलायला लागला, शाळेत जायला लागला. आईचा जीव टांगणीलाच. आणि एक दिवस तोच वकील कोर्टात म्हणाला, "इतकी वर्षं ऑपरेशन न केलेल्या डॉक्टरच्या हाती तुम्ही घरचं माणूस द्याल का?"

मागच्या बाकावर बसून आई ऐकत होती. पोरीला जमणार नाही म्हणाले तेव्हा ते धादांत खोटं होतं. तारखा लांबवून लांबवून त्यांनी ते खरं करत आणलं होतं.

निकाल मात्र लेकीच्या बाजूने लागला. वार परत मिळाले. पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी आई सकाळपासून दाराकडे डोळे लावून होती. संध्याकाळी लेक आली आणि पर्स न ठेवताच त्या खुर्चीवर बसली.

"कसं झालं गं?"

"छान. पेशंट ठीक आहे."

"आणि तू?"

"मी बाजूला उभी होते." ती बोटांकडे बघत राहिली. "सुरुवात मीच केली. एका जागी रक्त आलं आणि हात थबकला. पूर्वी डोक्याआधी हात पोचायचा, आई. आज तो विचारात पडला. मी म्हटलं, तू घे. ज्याला माझे वार दिले होते ना, त्यालाच."

"होईल की पुन्हा सवय."

"होईलही. पण तोवर पोट कुणाचं उघडायचं? खुर्चीच्या लाकडातून रक्त येत नाही गं."

आईचा फोन वाजला. धाकटी जाऊ होती. "काय म्हणते आमची छकुली? जिरवली ना हॉस्पिटलची!"

लेकीने ड्रॉवरमधून कात्री काढली होती. एकेक गाठ कापून ती टेबलावर ठेवत होती, पेशंटचे टाके काढावेत तशी, हलक्या हाताने.

आई फोन घेऊन गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं.

"हो," ती हळूच म्हणाली, "जिंकलो आपण."