भोंग्याच्या जागी होडी

भोंगा मोरीशेजारी उलटा ठेवला होता आणि त्यात कोंबड्याची पिसं भरली होती.

गुरुवारी दुपारी मी अकोल्याहून निघून बडनेऱ्याला उतरले, ऑटोने घरी आले, आणि दारातून आत पाऊल टाकताच पहिल्यांदा हे दिसलं. या भोंग्यातून माझ्या वडिलांचा आवाज पार चांदूर बाजारच्या पलीकडच्या गावांपर्यंत गेला होता. तो ऐकून माणसं हातातलं काम टाकून रस्त्यावर यायची. आता त्यात मटणाच्या दुकानातून आणलेली, मुळाशी रक्त वाळलेली पिसं होती. वडील पलंगावर बसून त्यातलं एक पीस गळाला दोऱ्याने बांधत होते. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ थोडी बाहेर. आली का म्हणाले, हात धू, जेवून घे. नजर वर केली नाही.

मला किळस आली. पिसांची नाही. पिसांत बसलेल्या माणसाची.

मी गाडी मागायला आले होते. अकोल्यात मी तासिकेवर शिकवते. माझ्या वर्गातल्या काही मुली ज्या वसतिगृहात राहतात, तिथल्या भातात अळ्या निघत होत्या. मुलींनी तक्रार केली तर त्यांना सांगण्यात आलं की घरी काय बासमती खाता का. सोमवारी पालकांना घेऊन वसतिगृहाच्या दारात जायचं आम्ही ठरवलं होतं. पालक चांदूर बाजारच्या आसपासच्या गावांत विखुरलेले. त्यांतले बरेच रोजमजुरीवर, फोन लागतो तेव्हा शेतात, घरी येतात तेव्हा फोन बंद. त्यांच्यापर्यंत शनिवारी पोचायचं तर वडिलांची व्हॅन हवी होती. आणि भोंगा हवा होता.

व्हॅन जुनी आहे. शाळेतून सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी वडील तीच घेऊन निघायचे. मागे पत्रकांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर मी. पहिली अक्षरं मी पत्रकांवर गिरवली. माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असत. गणिताच्या वहीवर 'जाब विचारा' आणि मराठीच्या वहीवर 'किती दिवस सहन करणार?' बाईंना वाटायचं मी त्यांनाच विचारते आहे. टपावर भोंग्यासाठी लोखंडी चौकट होती. एकदा ती घट्ट करताना वडील वरून पडले, आणि तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

तीच चौकट कापून काढली होती. टपावर होडी चढवायचा सांगाडा बसणार होता.

हे खूळ चिखलदऱ्याहून आलं. तिथे कॉफी लावणारा त्यांचा एक मित्र वारला, आणि त्याची मासे धरायची लांब, लवचीक काठी त्याच्या मुलाने वडिलांना आणून दिली. या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत, कणीक लावत नाहीत. पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करतात. ती काठीने अशी फेकायची की पाण्यावर खरी माशी टेकल्यासारखं वाटावं. मासा फसून वर येतो, गळ जबड्यात घुसतो. मग त्याला ओढून आणायचं, हातात धरून पाहायचं आणि गळ काढून सोडून द्यायचं. खायचं नाही. विकायचं नाही. तोंडाला भोक पाडून जाऊ द्यायचं.

मी काही शाकाहाराची मिरवणूक काढणाऱ्यांतली नाही. आमच्या घरी मासे आवडीने खातात. भुकेसाठी जीव घेणं मला समजतं. पण करमणूक म्हणून एखाद्याला फसवायचं, फरफटवायचं, आणि वर त्याला सोडल्याची दया स्वतःच्या नावावर लावायची, याला मी काय म्हणू? रोज संध्याकाळी पहिलं शील, प्राणिहत्या न करण्याचं, माझ्याकडून म्हणवून घेणारा माणूस आता पलंगावर बसून फसवणुकीला दोरा गुंडाळत होता, आणि ती खरी दिसावी म्हणून तिला तोंडाने फुंकर मारत होता.

मी गाडीचं बोलले तर ते म्हणाले, उद्या सांगाडा बसतो आहे. उद्याच धरणावर जाऊन पाहू. मग बोलू.

होडी धरणावरच का ठेवत नाही, असं मी विचारलं. तिथल्या मच्छीमार सोसायटीची परवानगी त्यांनी रीतसर घेतली होती. त्यांची झोपडी होती, होडी तिथे राहिली असती. ते म्हणाले, ठेवली की त्यांचे उपकार आले, आणि आता त्यांना कोणाचे उपकार नको होते. एकट्याने होडी चढवायची, एकट्याने उतरवायची, एकट्याने पाण्यावर जायचं. सांगाड्याचं चित्रही त्यांनी कागदावर तसंच काढलं होतं. मागे झुकणारी सरकती चौकट, रूळ, हाताने फिरवून तार ओढायची विंच, आणि होडी वर येताना तिरपी होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या. खांद्याने साथ सोडलेल्या माणसाला कोणालाच हाक मारावी लागू नये, एवढ्यासाठी तो कागद होता. आयुष्यभर हाका मारलेल्या माणसाचा.

शुक्रवारी सकाळी बडनेरा रोडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात आम्ही गेलो. होडी हातगाडीवर आधीच पोचली होती. फायबरची, हलकी, पांढरी. वेल्डरने काम खरंच नेटकं केलं होतं, फक्त पट्ट्या नव्हत्या. त्यांच्या जागी चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार जाड कड्या होत्या. आणि विंचच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधलेली होती.

"पट्ट्या कुठी हायेत?" वडिलांनी विचारलं.

"पट्ट्या कायले पायजे गुरुजी? चार जन चार कोपरे धरतीन, झालं. मी शववाहिनीच्या ट्रॉल्या बनवतो, एकही आजवर वाकडी नाही गेली."

"अन् मानसं नसतीन तं?"

वेल्डर हसला. मग वडील हसत नाहीत हे पाहून माझ्याकडे वळला. "ताई, गुरुजी काय बोलून राहिले हे? यायले मानसाची कमी हाय का? यायनं हाक मारली का चौक भरते."

वडील टायरकडे बघत राहिले. पट्ट्या लावून दे, एवढं म्हणायला त्यांना काय झालं होतं? पैसे दिलेले, कागद दाखवलेला. पण ते म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की माणसं नाहीत. या व्हॅनमध्ये बसून जी माणसं बोलायला शिकली त्यांतल्या एकाच्या गाडीवर आज पक्षाचा झेंडा आहे. दुसऱ्याचा चौकात फलक लागतो, दर वाढदिवसाला, फोटो दरवेळी थोडा मोठा. ते वडिलांनी लिहिलेलीच वाक्यं भाषणात वापरतात आणि रस्त्यात भेटले तर काच खाली करत नाहीत. त्यांची मला जेवढी घृणा आहे तेवढी वडिलांनाही असेल. पण मी त्या घृणेवर वसतिगृहाच्या दारात उभी राहते. ते तीच घृणा घेऊन तळ्यावर निघाले होते.

मी लिंबू-मिरची तोडून नालीत फेकली. वडिलांनी तेवढंही केलं नव्हतं. ज्या माणसाने गावोगाव अंगात येणाऱ्यांच्या विरोधात पत्रकं वाटली, तो लिंबाखाली उभा राहून कड्या मोजत होता.

"राहू द्याचं होतं ताई," वेल्डर म्हणाला. "नवं काम हाय."

धरण अकोल्याच्या वाटेवर आहे. दुकानातल्या पोरांनी होडी चढवून दिली होती, आणि काठावर ती उतरवायला त्रास पडला नाही. उताराने आपोआप खाली आली. सोसायटीचे तिघे जण झोपडीपुढे जाळी साफ करत बसले होते. वडील होडीतून थोडं आत गेले आणि त्यांनी काठी फिरवायला सुरुवात केली. दुखऱ्या खांद्यामुळे ते डाव्या हाताने फेकत होते. दोरी डोक्यावरून मागे जायची, पुढे यायची, आणि ती पिसं पाण्यावर टेकायची. दिसायला ते देखणं होतं, हे मी नाकारत नाही. पण देखणेपणाने कोणतीही गोष्ट सुटत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं.

बऱ्याच वेळाने एक मरळ लागली. चांगली मोठी. ती होडीभोवती फिरली, पाणी उडालं, शेवटी त्यांनी तिला दोन्ही हातांत धरलं. तोंडातून रक्त येत होतं, मला काठावरून दिसलं. त्यांनी गळ काढला, तिला पाण्यात थोडा वेळ धरून ठेवलं आणि सोडलं.

जाळीवरचा एक जण उभा राहिला. "सोडली? गुरुजी, सोडली काय?"

वडिलांनी मान हलवली.

"मंग धरली कायले?"

"पाहाले," वडील म्हणाले.

तो खाली बसला आणि सोबत्यांना म्हणाला, "पाहाले धरते अन् सोडून देते. पोरगी पाहाले आल्यावानी. पोहे खाते अन् मंग कळवतो मनते." तिघेही खूप वेळ हसले. मीही हसले असते. पण मला दोनदा असे पाहून गेलेले आहेत, आणि ती मरळ माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

परत होडी चढवायची वेळ आली. वडिलांनी चौकट मागे झुकवली, होडीचं नाक रुळावर ठेवलं, तार अडकवली आणि जाऊन विंच फिरवू लागले. होडी अर्ध्यावर आली आणि डावीकडे फिरली. पट्ट्या असत्या तर फिरली नसती. त्यांनी ती खाली घेतली, सरळ केली, पुन्हा फिरवली. आता उजवीकडे. विंच फिरवायची आणि मागून होडी सरळ धरायची, दोन्ही एका माणसाने होणारं नव्हतं. वेल्डर चुकला होता, किंवा त्याच्या मते वडील चुकले होते. एकट्याने काही उचलायचं असतं, हेच वेल्डरच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी कडीपासून हातभर अंतरावर उभी होते. तिसऱ्यांदा होडी घसरली तेव्हा वडिलांनी खांदा दाबून धरला. माझ्याकडे पाहिलं.

"मी धरतो," मी म्हटलं. "पन उद्या गाडी पायजे. भोंगा लावून."

विंचचा दांडा त्यांनी सोडला. "सौदा करून राहिली तू माह्यासंग?"

"हो."

"हे मी तुले नाही शिकवलं."

"खोटी माशी दाखवून फसवाचंही नव्हतं शिकवलं."

 त्यांनी तार सोडवली, होडी जमिनीवर उतरवली आणि झोपडीकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिघे उठले, लुंगीला हात पुसले, आणि होडीला तीन बाजूंनी हात घातला. चौथ्या बाजूला वडिलांनी डावा हात लावला. पोह्यांचं बोलणारा पुन्हा काहीतरी बोलला, आणि बऱ्याच महिन्यांनी मी वडिलांना मोठ्याने हसताना ऐकलं. ज्यांचे उपकार नको होते त्यांच्या झोपडीमागे होडी उलटी घालून ते परत आले.

किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "घेऊन जा. मी एसटीनं येत जाईन."

परतताना ते माझ्या शेजारी बसले. वसतिगृहाबद्दल त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही, आणि मला त्यांची किळस सकाळपेक्षा कमी वाटली नाही. सौद्याचा मला पश्चात्ताप नाही. ताटात अळ्या होत्या.

शनिवारी सकाळी मी टपावरचा सांगाडा काढायला गेले तर वेल्डरने, पडू नये म्हणून, नट वेल्डिंगचे टाके मारून पक्के केलेले. वडील तोवर काठी घेऊन स्टँडवर निघून गेले होते. मी भोंगा नायलॉनच्या दोरीने एका कडीला बांधला आणि दोन मैत्रिणींना घेऊन निघाले. पहिल्याच गावात पारावरची माणसं उठून उभी राहिली. एकाने टोपी काढली. एका म्हातारीने डोक्यावर पदर घेतला आणि दोन्ही हात जोडून गाडीपर्यंत आली.

"मयत कुठची हाय बाई?"

मयत नाही, मी सांगितलं, हे होडीचं आहे, माझ्या वडिलांच्या. होडी कुठे, तिने विचारलं. धरणावर. मासे धराले? धरायला आणि सोडून द्यायला, मी म्हटलं. म्हातारीने घाण वास आल्यासारखा चेहरा केला. आदल्या दिवसापासून मला हवा होता तो चेहरा मला पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या तोंडावर दिसला.

मी पत्रक पुढे केलं. वाचता येत नाही, तू वाच, ती म्हणाली. वसतिगृहाचं नाव आलं तशी तिने माझं मनगट धरलं. तिची नात तिथेच होती. अळ्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण तिने दोनदा वाचायला लावलं. मग तिने घराकडे तोंड करून पोराला हाक मारली, आणि ती हाक अशी होती की भोंग्याची गरज नव्हती.

पोरगा येईपर्यंत ती गाडीकडे बघत राहिली.

"ह्या कड्या काढून टाक," ती म्हणाली. "लोकं भेतात."

निघत नाहीत, मी म्हटलं.

"मंग भोंगा तरी पुसून घे. पिसं पडून राहिले त्याच्यातून."